बारमाही खंडेनवमी

भर वैशाखात खंडेनवमी! ऐकलंय कुणी कधी?

पद्माक्का मगदूमनं मोबाईलवरचा निरोप वाचला आणि मोबाईल टेबलावर आपटला. ‘करंजफाटा एमआयडीसीतील सर्व फाउंड्रीमालकांना कळविण्यात येते की, येत्या गुरुवारी व शुक्रवारी यंत्रपूजनानिमित्त सर्व भट्ट्या पूर्ण बंद ठेवाव्यात. एकही मीटर फिरता कामा नये.’ खाली असोसिएशनचे अध्यक्ष विलास हुपरीकर यांचं नाव आणि नावापुढं जोडलेले दोन हात.

“मेल्यांनो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजायची असतात,” तिनं समोरच्या भिंतीला सुनावलं. “वैशाखात काय पुजताय? आळस?”

भिंत काय बोलणार! पण खाली शेडमध्ये काम करणाऱ्या पोरांनी ऐकलं आणि ती मान खाली घालून हसली. अक्काचा आवाज विजेच्या भट्टीच्या वर चढायचा, हे सगळ्या करंजफाट्याला ठाऊक होतं. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले, बाईमाणसाला लोखंड झेपायचं नाही, विकून टाका. तिनं फाउंड्री विकली नाही. लोखंड झेपलं, कामगार झेपले, बँकवालेही झेपले. झेपलं नाही ते एकच, सरकार. लोक मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा बघतात, ही राज्याचा अर्थसंकल्प बघायची. कर्जाचा आकडा आला की कपाळावर हात मारायची. “सरकारला खिसा नसतो रे,” ती म्हणायची, “नुसता हात असतो. खिसा आपला.” ऋण काढून सण करणाऱ्याचं घर कसं बसतं, हे तिनं माहेरी चुलत्याच्या घरात डोळ्यांनी पाहिलं होतं. राज्य म्हणजे मोठं घरच की!

आणि आता तर ‘नाडी’ आली होती.

नाडी म्हणजे यंत्रच, पण ना चाक ना पट्टा. दोन वर्षांपूर्वी सरकारनं ते बसवलं. कल्पना वाईट नव्हती, हे अक्कासुद्धा कबूल करायची. मंदी आली की मदत जाहीर होते, मग अर्ज, मग शिफारस, मग टक्का, आणि पैसा पोचेपर्यंत कारखान्याला कुलूप. नाडीला अर्ज लागत नव्हता. प्रत्येक कारखान्याचं विजेचं मीटर, निघालेल्या ट्रकांची बिलं, जमा झालेले पगार, असलं सगळं क्षणाक्षणाला तिच्याकडं जायचं. धडधाकट औद्योगिक वसाहत कशी चालते हे ती हजारो ठिकाणांवरून शिकली होती. कुठं वीज अचानक पडली, ट्रक थांबले, की ती ताण मोजायची. ताण हद्दीबाहेर गेला की त्याच संध्याकाळी मालकांच्या आणि कामगारांच्या खात्यात ‘दिलासा’. ना साहेब, ना शिक्का.

एवढी शहाणी नाडी, पण खंडेनवमी तिला कुणी शिकवलीच नव्हती. चांगलं चाललेलं गाव एके दिवशी आपणहून सगळी यंत्रं बंद करतं, त्यांना हळदकुंकू लावतं, झेंडूच्या माळा घालतं आणि पेढे वाटून घरी जातं, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. पहिल्या वर्षी खंडेनवमी आणि दसरा, दोन दिवस करंजफाटा शांत झाला. नाडीला वाटलं, गाव मेलं! दसऱ्याला लोक सोनं वाटत असताना मोबाईल वाजले: ‘करंजफाट्यावर ओढवलेल्या अरिष्टात शासन आपल्या पाठीशी आहे.’ पोट धरधरून हसले सगळे.

चूक झाली, कळवू या, असं कुणी म्हणालं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पद्माक्कानं एकटीनं कळवलं. उत्तर आलं नाही. बाकीच्यांनी कार्तिकात पुन्हा एकदा यंत्रं पुजली. मार्गशीर्षात पुन्हा. देव वर्षातून एकदा पावायचा, नाडी पंधरवड्याला पावायला लागली. हळूहळू काही फाउंड्र्या पूजेपुरत्या बंद होत्या त्या पूजेनंतरही उघडेनात. कशाला उघडायच्या? घाम गाळून मिळतं त्यापेक्षा माळ घालून जास्त मिळत होतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

मगदूम फाउंड्री मात्र चालू होती. तिच्याकडं पंपांची ऑर्डर होती. फाट्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावांसाठी नळपाणी योजना मंजूर झाली होती, तिचे पंप सरकारच्याच पाणीपुरवठा कार्यालयानं मागवले होते. पंपाच्या बॉड्या ओतून, घासून, निळा रंग देऊन यार्डात रांगेनं ठेवल्या होत्या. न्यायला कुणी येत नव्हतं, आणि झालेल्या कामाचं बिलही मिळत नव्हतं.

ती त्या कार्यालयात गेली तेव्हा टेबलामागचा साहेब मान वर न करता म्हणाला, “मॅडम, तुमच्या कामाचा निधी दिलाशाकडे वळवलाय. सध्या शिल्लक नाही. वरून आदेश आहे.”

“बरं. मग राहिलेला माल मी सावकाश देते.”

“तसं नाही चालणार. मुदतीत सगळा माल तयार नसेल तर दंड. करारातच कलम आहे.”

“व्वा!” अक्का उठली. “घेताना कलम आणि देताना आदेश! माझा शेजारी भट्टी बंद ठेवून झोपतोय, त्याला रोख पैसे. मी तुमचे पंप ओतत्येय, मला दंड. साहेब, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला असंच देता का हो? भांडी घासली तर पगार कापता आणि दांडी मारली तर बक्षीस?”

साहेबानं चहा मागवला. तिनं तो घेतला नाही.

पगार थकायला लागला तो तिथून. उभ्या जन्मात तिनं कामगाराचा पगार एक दिवस पुढं ढकलला नव्हता. आता पहिला महिना गेला, दुसराही अर्धा सरला. सगळ्यात जुना दस्तगीर मिस्त्री. साच्यात वाळू ठोकताना नुसत्या आवाजावरून कुठं पोकळ राहिलं ते सांगणारा. तो एकदा दुपारी वर आला, दाराशीच उभा राहिला.

“अक्का, एक बोलू? रागावू नका.”

“बोल की.”

“दिलासा म्हंजे सगळा हरामाचा, असं तुम्ही म्हणताय. पण पुरात माझं घर गेलं तवा सरकारच्याच पैशावर भिंती उभ्या राहिल्या. तवा तुम्हीच फॉर्म भरून दिला हुता.”

“दिला होता. पुन्हा पूर आला तर पुन्हा देईन,” अक्का म्हणाली. “आजाऱ्याला खाट द्यायलाच पाहिजे, दस्तगीर. पण धडधाकट माणसं खाटा अडवून बसली, की खरा आजारी आला म्हणजे कुठं झोपवायचा? तुझ्या नरवाडीला नळ कधी येणार ते विचार. तुझी बायको अजून टँकरमागं पळत्येय न्हवं? त्या नळाचा पैसा हुपरीकराच्या बंद भट्टीत गेलाय.”

दस्तगीरनं मान हलवली. पटलं होतं. पण पटल्यानं किराणा येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

श्रावणात श्रेणिक आला. अक्काच्या भावाचा मुलगा. त्याच्या शिक्षणाला आत्यानंच हातभार लावला होता, आणि पोरगं शिकून काय करत होतं, तर पुण्यात बसून नाडीचं गणित सांभाळत होतं! आता बोला. त्यानं चिवड्याची बशी मांडीवर घेतली आणि आत्याच्या शिव्या निमूटपणे ऐकल्या.

“आत्या, गिझरमध्ये थर्मोस्टॅट असतो बघ,” तो म्हणाला. “पाणी गार झालं की तो कॉइल चालू करतो, तापलं की बंद. माणूस लागत नाही. नाडी तेच करते.”

“आणि कुणी त्या थर्मोस्टॅटलाच बर्फ बांधला तर?”

श्रेणिकचा घास थांबला. “तर पाणी उकळलं तरी कॉइल चालूच राहणार. जळेपर्यंत.”

“मग जळायला लागलाय की रे तुझा गिझर! पुण्यात वास येत नाही काय?”

“येतो. म्हणून तर आलोय.” त्यानं बशी खाली ठेवली. “हे बघ, अडचण अशी आहे. ऑर्डर नाही म्हणून बंद पडलेली भट्टी आणि पैशासाठी बंद ठेवलेली भट्टी, मीटरवर दोन्ही सारख्याच दिसतात. मन काही मीटरवर उमटत नाही. फरक कळायचा एकच मार्ग. त्याच गावात, त्याच धंद्यात, तसलीच दुसरी भट्टी काय करते ते बघायचं. खरी मंदी असेल तर तीही बंद पडेल. ती जोरात चालत असेल, तिचा माल बनत असेल, तर बाकीच्यांना काही झालेलं नाही. आम्ही तिला साक्षीदार म्हणतो. गेल्या महिन्यात मी हा नियम नाडीत घातला. साक्षीदार चालू असेल तर दिलासा नाही.”

“म्हणून आषाढापासून हुपरीकराचं तोंड उतरलंय होय! आणि आमच्या फाट्याचा साक्षीदार कोण?”

श्रेणिक हसला नाही. “पूर्ण जोरात चालणारी एकच भट्टी उरलीय, आत्या.”

पद्माक्का खो खो हसत सुटली. किती महिन्यांनी हसली असेल! सगळ्या वसाहतीचं फुकट खाणं तिच्या एका भट्टीनं अडवलं होतं, आणि तेही काही न करता. नुसतं स्वतःचं काम करून.

“हसू नकोस,” श्रेणिक म्हणाला. “बाहेर कळलं तर हे लोक तुला जगू देणार नाहीत.”

कळलंच. असल्या गोष्टी पुण्याहून फाट्यावर यायला वेळ लागत नाही. भाद्रपदात हुपरीकर चार मालकांना घेऊन आला. हातात पेढ्यांचा बॉक्स, चेहऱ्यावर लग्नघरातला विनय.

“अक्का, तुम्ही आम्हाला आईसारख्या. पंधरा दिवसांतनं दोन दिवस तर हाय. भट्टीला बी विश्रांती.”

“माझी भट्टी दमत नाही, विलास. तुझी दमलीय, कारण तू तिला उठवत नाहीस.”

“मंदी खरंच हाय हो. गाड्यांचे पार्ट कमी झाल्यात, ऑर्डरी तुटल्यात…”

“मग तसं सांग ना सरकारला! तोंड वर करून सांग, ऑर्डर नाही, मदत द्या. मी सही करते तुझ्यासोबत. देवाच्या नावावर अंधार कशाला करतोस?”

हुपरीकरचा विनय तिथं संपला. “आपण न्हाई घेतलं तर दुसरा जिल्हा घेणार. पैसा कुणाच्या बापाचा हाय?”

“हे बघ, हेच!” अक्कानं टेबलावर अशी थाप मारली की पेढ्यांचा बॉक्स उडाला. “कुणाच्याच बापाचा नाही असं वाटतं ना तुला? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! अरे, तुझ्या नातवाच्या बापाचा आहे तो. तुझ्या पोराचा. तो अजून कमवायला लागला नाही, आणि त्याच्या नावावर कर्ज काढून तू पेढे वाटत फिरतोस. ने हा बॉक्स परत.”

बॉक्स परत गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं दाणापाणी तोडायला सुरुवात झाली. भंगारवाल्यानं माल संपला म्हणून सांगितलं, त्याच्या आवारात ढीग दिसत असताना. पिग आयर्नचा ट्रक फाट्यावरनं दुसरीकडं वळवला. दिवाळीनंतरच्या हुपरीकरच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना गेली, मगदूमांना नाही. वितळवायला लोखंडच नसेल तर भट्टी चालणार कशावर? मिरजेचा एक व्यापारी उसाच्या रसवंतीची चाकं मागत होता, रोख पैसे देत होता. त्यालाही तिला नाही म्हणावं लागलं. होतं नव्हतं ते लोखंड सरकारच्या उरलेल्या पंपांपुरतं. शब्द दिला होता ना!

आणि मग खरी खंडेनवमी आली.

फाट्यावर सगळे निश्चिंत होते. या दिवशी तर पद्माक्काही भट्टी बंद ठेवणार, गेली कित्येक वर्षं ठेवत आलीय. साक्षीदार झोपला की नाडी धावत येणार, आणि निवडणूक तोंडावर असल्यानं या खेपेचा दिलासा दुप्पट आहे, असं आमदाराच्या माणसानं खाजगीत सांगितलं होतं.

अक्कानं पहाटे अंघोळ करून भट्टीला हळदकुंकू वाहिलं. दरवर्षीप्रमाणं झेंडूची माळ दस्तगीरनं बांधली. मग ती म्हणाली, “चालू कर.”

दस्तगीर बघतच राहिला. “आजच्या दिवशी, अक्का?”

“मुदत उद्या संपत्येय. शेवटच्या बॉड्या राहिल्यात. आणि हत्याराची पूजा करायची म्हणजे काय, रे? त्याला उपाशी ठेवायचं? ज्यांनी बारा महिने भट्टी पेटवलीय त्यांनी एक दिवस विझवावी. इथं बारा महिने विझवून बसलेत सगळे. कुणीतरी पेटवायला नको?”

कामगारांतले निम्मे आले नव्हते. आलेल्या चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. दस्तगीरनं माळ थोडी वर सरकवली, जळू नये म्हणून, आणि बटण दाबलं. दुपारपर्यंत लोखंड पिवळंधमक झालं. फाट्यावरचे लोक रस्त्यावर येऊन तिच्या शेडवरचा धूर बघायला लागले. कुणीतरी पत्र्यावर दगड मारला. अक्का बाहेर येऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा दुसरा दगड आला नाही.

“आता कसा पडतोय दिलासा ते बघतेच,” ती म्हणाली आणि आत गेली.

लेडल, म्हणजे ओतायचं भांडं, भरलं होतं. वितळलेलं लोखंड साच्यांच्या दिशेनं निघालं होतं आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. चौघांपैकी एकाचा. मग दुसऱ्याचा. मग दस्तगीरच्या खिशातला. मग बाहेर रस्त्यावर एकदम सगळ्यांचे, आणि पाठोपाठ आरोळ्या, शिट्ट्या, फटाके. दिलासा पडला होता. दुप्पट. करंजफाट्यात कामगार म्हणून नोंद असलेल्या प्रत्येकाला.

शेवटी अक्काचा वाजला. ‘आपला कारखाना अपवादात्मक आढळल्याने गणनेतून वगळण्यात आला आहे.’

तिनं तिथंच श्रेणिकला फोन लावला. “हे तू केलंस?”

“नाही, आत्या.” त्याचा आवाज पडला होता. “वरून आलं. एकटाच कारखाना बाकीच्यांपेक्षा वेगळा वागतोय, म्हणजे त्याचं मीटरच संशयास्पद, असं कारण दिलंय. मी लेखी विरोध केला. ऐकलं नाही.”

“म्हणजे जी चालू आहे ती बिघडलेली, आणि बंद पडलेत ते ठणठणीत? चोर सोडून संन्याशाला सुळी? वरून म्हणजे कोण रे? वर देव असतो, आणि त्याला मतं लागत नाहीत!”

तिनं फोन तोडला. चौघं लेडल धरून तिच्याकडं बघत होते.

“अक्का, लोखंड गार व्हायलंय,” दस्तगीर म्हणाला. “वतायचं न्हवं?”

“ओता.”

त्यांनी एकूण एक साचा भरला. एक थेंब सांडला नाही. मग दस्तगीरनं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

“अक्का, उद्यापासनं मी येत न्हाई.”

तिनं ते मोजे उचलून पुन्हा त्याच्यापुढं धरले.

“खरं तुमचंच हाय,” तो म्हणाला. “मी कुणापुढंबी सांगीन. पण चार महिनं झालं, खऱ्यावर चूल पेटंना. घरात बसलो तरी सरकार पैसे देतंय, आणि हितं सरकारचंच काम करतोय तर पगार न्हाई. मी काय करू, सांगा.”

पद्माक्कानं उत्तर साहेबाला दिलं होतं, हुपरीकरला दिलं होतं, याला काय देणार? पायापासून डोक्यापर्यंत तिचा संताप झाला, आणि तो दस्तगीरवर नव्हता. तिची नजर यार्डात गेली. निळ्या रंगाच्या बॉड्या, ओळीनं, धूळ खात. तिचं लोखंड, तिची वीज, या माणसांचा घाम. आणि पैसा? पैसा बाहेर फटाके उडवत होता.

तिनं मिरजेला फोन केला. “रसवंतीची चाकं पाहिजेत ना अजून? रोख? बरं. परवा गाडी पाठवा.”

मग ती दस्तगीरकडं वळली. “परवा संध्याकाळी तुमचा सगळ्यांचा थकलेला पगार देते. पै न पै. त्यानंतर खुशाल घरी बस. पण आज थांब. यार्डातल्या बॉड्या आत घ्या, फोडा आणि भट्टीत टाका.”

“कुठल्या बॉड्या?”

“पंपाच्या. घासलेल्या, रंगवलेल्या, सगळ्या. आत्ता ओतलेल्या गार झाल्या की त्याही. दुसरं लोखंड आहे कुठं माझ्याकडं?”

“अक्का!” दस्तगीरचा आवाज चिरकला. “ती आमच्या गावाची पाण्याची योजना हाय. नरवाडीचं पाणी हाय ते. तुम्हीच म्हणत हुता…”

“तुझ्या नरवाडीचं पाणी मघाशी तुझ्या मोबाईलवर आलं, दस्तगीर,” पद्माक्का म्हणाली. “पी जा.”

बोलून झाल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द तिनं मागं घेतला नाही. दस्तगीर वाळूच्या ढिगावर मटकन बसला. बाकीचे तिघंही जागचे हलले नाहीत. मग ती एकटीच यार्डात गेली, पहिल्या पंपाला साखळी अडकवली आणि क्रेनचं बटण दाबलं.